वीतभर सिमेंट

आबा कुठल्याही घरात शिरण्याआधी टकटक करत, पण दारावर नाही, भिंतीवर. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून तीनदा टकटक, मग कान थोडा पुढे, मग पुन्हा एकदा. घरातली माणसं दार उघडून उभी असायची आणि आबा बाहेर भिंतीची विचारपूस करत असायचे. माझ्या जळगावच्या फ्लॅटवर ते एकदाच आले. मी हौसेनं नवं घर दाखवायला बोलावलं होतं. त्यांनी हॉलच्या भिंतीवर टकटक केली, माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि म्हणाले, "हाई भीत नही पोरी, पुठ्ठा शे." तेवढ्यात पलीकडच्या फ्लॅटमधून आवाज आला, "कोण आहे?" मी चहा टाकायला आत गेले.

आबा होते पाद्री बंगल्याचे. भडगावहून एसटीनं तासभर गेलं की गिरणेच्या काठाला एक खेडं लागतं, त्याच्या शिवेवर हा बंगला आहे. गोऱ्या मिशनऱ्यांच्या काळातला. शेवटचं गोरं कुटुंब परत जाऊन जमाना झाला. चर्चचे आताचे पाळक गावात नव्या क्वार्टरमध्ये राहतात, बंगल्याच्या एका खोलीत रविवारची शाळा भरते आणि बाकीच्या बंगल्यात आबा भरलेले असायचे. ते तिथले राखणदार होते, माळी होते, आणि मुळात गवंडी होते. नाव बायबलमधलं होतं, ते चर्चच्या मंडळीच्या वहीत. गाव त्यांना तरुणपणापासूनच आबा मिस्त्री म्हणायचं.

मी तिथे गेले ती बंगला पाडायला. हे आधीच कबूल केलेलं बरं. मंडळीला त्या जागेवर नवा हॉल बांधायचा होता आणि जुनी इमारत धोकादायक आहे असा इंजिनिअरचा अहवाल हवा होता. आमच्या जळगावच्या ऑफिसात मी सगळ्यांत नवी, त्यामुळे उन्हातान्हाची कामं माझ्याच गळ्यात. साहेब म्हणाले होते, "जा, मापं घे, फोटो काढ, ओल आणि तडे दाखव, संपलं." मी मे महिन्यात लेझर टेप घेऊन, डोक्याला ओढणी गुंडाळून तिथे उतरले. व्हरांड्यात एक काळासावळा, काटक म्हातारा छिन्नी-हातोडी घेऊन पश्चिमेच्या भिंतीसमोर उकिडवा बसला होता. मी ऑफिसच्या शुद्ध भाषेत स्वतःची ओळख करून दिली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोठली शे तू?" म्हटलं, भडगावची. "मंग आशी काय बोलस? घसामा काही अडकनं का?" मला हसू आवरेना. त्यानंतर मी आबांशी शुद्ध बोलायचं सोडून दिलं.

निघताना मी सवयीनं "जय भीम, आबा" म्हणाले. त्यांनीही "जय भीम" म्हटलं. त्यांच्या मंडळीतली माणसं एकमेकांना "सलाम" म्हणतात, पण ते मला कधी सलाम म्हणाले नाहीत. ज्याला जे आवडतं ते द्यावं, असा त्यांचा साधा हिशेब होता.

बंगला पाहायला मात्र आबांच्याच मागे फिरायला हवं होतं. ते दारापासून सुरुवात करत नसत, जोत्यापासून करत. जोतं कमरेइतकं उंच, घडीव काळ्या दगडाचं. "आठली काळी माती पान्यामा फुगस, उन्हामा फाटस. तिन्हावर घर ठेवं ते घर नाचस," ते सांगत. म्हणून बांधणाऱ्यांनी काळी माती खणत खणत पिवळा मुरूम लागेपर्यंत पाया नेला होता. त्यावर हातभर जाडीच्या विटांच्या भिंती, चुन्यात बांधलेल्या. तीन बाजूंनी व्हरांडा, म्हणजे ऊन भिंतीपर्यंत पोचायच्या आत थकायचं. छताजवळ छोटे झरोके, त्यांना दोऱ्या बांधलेल्या. संध्याकाळी आबा एकेक दोरी ओढत जायचे आणि दिवसभराची गरम हवा वरच्या वर निघून जायची. बाहेर कौलं तापलेली असताना मधल्या खोलीत मी एकदा अर्धा तास जमिनीवर आडवी झाले. आबा दारातून म्हणाले, "मोजी लिधं का?" मी डोळे मिटूनच हो म्हटलं.

रांधणघर बंगल्याला चिकटून नव्हतं. मागे वीसेक पावलांवर वेगळं, मध्ये छपराची वाट, कारण धूर आणि आगीची भीती. त्याच्या पलीकडे घोड्यांची पागा, गाडीखाना, बाहेरगावच्या रुग्णांसाठी एक खोली, नोकरांच्या पाच खोल्यांची चाळ आणि विहीर. पागेत घोडे नव्हते, आबांचा चुना होता. एका हौदात तो भिजत पडलेला असे, सायीसारखा. "येले घाई चालत नही," ते म्हणत. गूळ, बेलफळाचं पाणी, बारीक वाळू, सगळं त्यांच्या हाताच्या मापानं. अंगणात चुना मळायची जुनी घाणी होती, गोल खोबणीत दगडी चाक. बैल नव्हता म्हणून आबा थोडाथोडा चुना पाट्यावरच वाटायचे. त्यांची सून चटणी वाटते तसाच, फक्त सून त्या पाट्याला हात लावत नसे.

रांधणघराचं मात्र फक्त जोतं उरलं होतं आणि एका कोपऱ्यात धुराडं उभं होतं. बाकी पडलेलं. मी विचारलं, कधी पडलं? आबांनी न ऐकल्यासारखं केलं आणि मला विहीर दाखवायला नेलं. त्यांना ऐकू चांगलं येत होतं, हे मला आतापर्यंत कळलं होतं.

मधल्या खोलीच्या भिंतीत वर एक भोक होतं, मनगटाएवढं. पूर्वी छताला कापडाचा लांब पंखा टांगलेला असे, त्याची दोरी या भोकातून व्हरांड्यात जाई, आणि तिथे बसून एक माणूस दिवसभर ती ओढत राही. आत साहेब जेवे, लिही, झोपे. दोरी ओढणारा बसायचा तिथे एक दगड होता. त्या दगडाच्या पायथ्याशी फरशीत दोन खोलगट खळगे पडलेले, टाचांचे. "मन्हा आजाना पाय शेतस त्या," आबा म्हणाले. मला एकदम राग आला. मी म्हणाले, "आबा, तरी बी तुम्ही या सायबेसना घरसाठे जीव टाकतस?" आबा चिडले नाहीत. त्यांनी व्हरांड्याच्या कमानीवर तीनदा टकटक केली आणि म्हणाले, "सायबानी सांगं. बांधं आपला लोकेसनी." मग माझ्याकडे पाहून विचारलं, भडगावला तुझ्या घरचे काय करायचे. माझे पणजोबा दगड फोडायचे, मी सांगितलं. त्यांनी होकारार्थी मान डोलावली. त्या दिवसापासून तो बंगला मला परका वाटेनासा झाला, आणि अहवाल लिहिणं अवघड होऊन बसलं.

कारण ओल खरी होती. पश्चिमेची भिंत आतून फुगली होती, चुन्याचे पापुद्रे हाताला यायचे, एका तुळईचं टोक भुसभुशीत झालेलं. बाकी बंगला ठणठणीत आणि ही एक बाजू सडलेली. मी वहीत लिहिलं: इमारत जुनी झाली आहे, भिंतीत ओल मुरली आहे, पाडणे योग्य. आणि खाली, स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन, आणखी एक ओळ: पाडायची नसल्यास बाहेरून सिमेंटचे भक्कम प्लास्टर करावे. तिसऱ्या फेरीला मी हे आबांना वाचून दाखवलं. का दाखवलं कोण जाणे. बहुधा शाबासकी हवी होती.

आबांचा चेहरा उतरला. ते उठले, माझा हात धरून मला पश्चिमेच्या भिंतीपाशी नेलं. ही भिंत अर्धी चुन्याची होती आणि अर्धी सिमेंटची, इतके दिवस मी हे पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. त्यांनी चुन्याच्या भागावर टकटक केली, खणखणीत आवाज आला. सिमेंटच्या भागावर केली, भद्द. मग छिन्नी लावून सिमेंटचा तळहाताएवढा तुकडा काढला. "हात घाल," म्हणाले. मी हात घातला. मे महिना, दुपारची वेळ, महिनोन्‌महिने पावसाचा थेंब नाही, आणि आतली वीट ओली होती. थंडगार. बोटानं ओढली तर निम्मी हातात आली.

"चुना पानी पेस आणि परत देस. सिमेंट तोंड बांधी देस. मंग भीत काय करी?" एवढं बोलून ते खाली बसले. मी पण बसले. मग त्यांनी वर बोट दाखवलं. भिंतीत एक संगमरवरी पाटी होती, जी मी फोटोत घेतली होती पण नीट वाचली नव्हती. वर दोन-तीन साहेबांची नावं, मंडळीच्या मोठ्या उत्सवानिमित्त बंगल्याची दुरुस्ती केल्याचा मजकूर, आणि सगळ्यांत खाली: प्लास्टर काम, आबा मिस्त्री. त्या अख्ख्या कंपाउंडात दगडावर कोरलेलं आपल्या माणसाचं नाव तेवढं एकच होतं.

हे सगळं त्यांनी तरुणपणी केलं होतं. तेव्हा गावात सिमेंट नवं, चुना म्हणजे म्हाताऱ्यांचं काम. मंडळीनं सांगितलं, उत्सव आहे, बंगला नवा दिसला पाहिजे. आबांनी रांधणघर आणि पश्चिमेची भिंत सिमेंटनं अशी गुळगुळीत केली की लोक हात फिरवून पाहायला यायचे. काही पावसाळ्यांनी रांधणघर बसलं. आत कोणी नव्हतं, देवाची कृपा. सगळे म्हणाले, जुनं होतं, पडलं. आबा ढिगारा उपसायला गेले तेव्हा प्रत्येक वीट ओली होती. घर जुनं होऊन पडलेलं नाही, हे त्यांना त्या ढिगाऱ्यातच कळलं.

"मी कोनले सांगं नही," ते म्हणाले. ढिगारा उपसल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी छिन्नी घेतली. रोज एक वीत सिमेंट काढायचं, फक्त एक वीत. जास्त काढलं तर वीट सोबत येते. तेवढी जागा उघडी ठेवायची, वाळू द्यायची, मग चुना. रविवार सोडून रोज. आधी आतून धोका असलेला खालचा भाग, मग वर. मध्ये दुखणी आली, बायको गेली, एकदा हात मोडला, वर्षंच्या वर्षं छिन्नी पडून राहिली, काही ठिकाणी ओल वर चढून चुना पुन्हा पुन्हा भरावा लागला. गाव म्हणायचं, आबाला भिंत खरवडायचा नाद लागलाय. मंडळीचे सेक्रेटरी निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना सर म्हणत; तेही आबांना प्रेमानं खुळा म्हणायचे. आबांनी खुळेपणा पत्करला पण तोंड उघडलं नाही. गावात तीन पिढ्यांची घरं त्यांनी बांधली होती. आबा मिस्त्रीच्या हाताला चूक नाही, हे लोक लग्नाच्या बोलणीत सांगायचे.

मी अहवाल फाडला. नवा लिहायचा तर ओल कुठून आली हे लिहिणं भाग होतं, आणि ते लिहिणं म्हणजे पाटीवरच्या नावाला बोट लावणं. मी आबांना म्हणाले, मी ‘पूर्वीच्या दुरुस्तीमुळे’ एवढंच लिहिते, कुणाचं नाव कशाला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तुन्हं ऐकतीन नही त्या. हॉल पाहिजे त्यासले. मीच सांगसू."

पुढच्या रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर बंगल्याच्या व्हरांड्यातच सभा बसली. पन्नासेक माणसं, बायका एका बाजूला, आबांची सून त्यांच्यात. मी ओल, आवाज, विटा, सगळं समजावून सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं वय लहान आहे. इमारतीलाही म्हातारपण असतं. आमच्या डोळ्यांसमोर रांधणघर पडलं. उद्या ही भिंत रविवारच्या शाळेतल्या लेकरांवर पडली तर?" सरांचं काही चुकत नव्हतं. लोकांच्या माना हलल्या.

आबा मागच्या खांबाजवळून उठले. पायातल्या चपला काढल्या. का काढल्या, मला आजही कळलेलं नाही. म्हणाले, "सर, ती ओल बंगलानी नही. ती मन्ही शे." कुणाला काही समजलं नाही. मग त्यांनी पाटीकडे हात केला. "सिमेंट मीच लावं व्हतं. रांधनघर बी मन्हा हातनी पाडं. घरना काही दोष नही. घर चांगलं शे. मिस्त्री चुकना."

त्यांच्या सुनेनं पदर तोंडाला लावला. सर म्हणाले, "आबा, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" आबा पाटीकडे पाहत म्हणाले, "लाज वाटे, सर. नाव व्हतं ना तठे." मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ऑफिसच्या कामाला गेलेल्या बाईनं सभेत रडू नये हे मला माहीत होतं.

सभेनं टाळ्या वाजवल्या नाहीत की कुणी भाषण केलं नाही. सर फक्त एवढं म्हणाले की पुढचा पावसाळा जाऊ द्या, मग बघू. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आबा छिन्नी घेऊन बसले तेव्हा सर पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी येऊन बसले, असं सूनबाईंनी मला फोनवर सांगितलं. तो पावसाळा गेला, त्याच्या पुढचाही गेला. साफ केलेली भिंत कोरडी राहिली. मंडळीनं हॉल विहिरीकडच्या मोकळ्या जागेत बांधायचं ठरवलं. आणि एक गोष्ट मला गमतीची वाटली. गावातल्या कुणाचंही आबांबद्दलचं मत खाली गेलं नाही. उलट आपापल्या घरांच्या भिंती वाजवून बघायला लोक त्यांना बोलावू लागले. त्याच दिवसांत ते जळगावला माझ्या पुठ्ठ्याच्या घरी येऊन गेले.

मी दर दोन महिन्यांनी जात राहिले. ऑफिसचं काम संपलं होतं, साहेबांनी विचारलंही नाही. चुना कसा चाळायचा, भिंतीवर कसा मारायचा, लाकडी थापीनं किती थोपटायचा, हे त्यांनी मला शिकवलं. माझ्या हातचा पहिला चुना त्यांनी बोटानं उकरून काढला. दुसराही. तिसऱ्यावर टकटक केली आणि काही न बोलता पुढे सरकले. डिप्लोमाच्या निकालालाही मला इतका आनंद झाला नव्हता.

एका थंडीत सूनबाईंचा फोन आला. आबा झोपेतच गेले होते. मी पोचेपर्यंत माती झालेली होती. सरांनी मला कबरस्तानात नेलं आणि मग आम्ही बंगल्यावर आलो. माझ्या मागच्या फेरीनंतर पश्चिमेची भिंत पूर्ण पांढरी झाली होती. फक्त संगमरवरी पाटीच्या बरोबर खाली एक वीतभर चौकोन सिमेंटचा राहिला होता, करडा, कडा सरळ कापलेल्या. मला वाटलं, तेवढं राहून गेलं. इतक्या वर्षांचं काम, आणि शेवटच्या वितीआधी माणूस जावा, याचं मला फार वाईट वाटलं. मी म्हणाले, "सर, छिन्नी कुठे आहे? एवढं मी काढते."

सूनबाई पुढे आल्या. म्हणाल्या, "नका काढू, ताई. काम तर दिवाळीलाच संपलं. एवढं मुद्दाम ठेवलं त्यांनी. मला म्हणाले, पाटी काढू नका आणि हे पण काढू नका. जो मन्हं नाव वाची, त्यानी खाले हात लाईसन देखाले पाहिजे."

मी हात लावला. बाजूचा चुना कोरडा होता. चौकोनाच्या कडेला बोटाला गारवा लागला.

मंडळीला आता बंगल्याचे पक्के नकाशे हवे होते, पुढच्या दुरुस्त्यांसाठी. ते मी काढले. जोतं, झरोके, पंख्याच्या दोरीचं भोक, फरशीतले टाचांचे खळगे, पागा, चुन्याचा हौद, रांधणघराचं उरलेलं धुराडं, काही सोडलं नाही. पश्चिमेच्या भिंतीचा नकाशा शेवटी घेतला. त्यावर पाटीखाली एक छोटा चौकोन काढला, माप घातलं आणि बाजूला लिहिलं: आबांची वीत. काढू नये.